वाचनाचा रिकामा रकाना

आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाबद्दल वर्गशिक्षकाने चार ओळी लिहायच्या असतात. विशेष प्रगती काय, आवड कशाची, सुधारणा कशात हवी. सरकारी भाषेत त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात आणि धुळ्यात देवपुरातल्या आमच्या शाळेत मी सव्वीस वर्षं त्या लिहीत आले आहे. लिहीत म्हणजे काय, खरं सांगायचं तर उतरवत. तयार नोंदींची पुस्तिका स्टेशनरीच्या दुकानात मिळते. तिच्यातून 'हस्ताक्षर वळणदार आहे' एकाला, 'इतरांना मदत करते' दुसरीला, असं वाटत जायचं. बासष्ट मुलांमागे बासष्ट नव्या गोष्टी सुचायला कोण बसलंय?

पण वाचनाच्या रकान्यात आम्ही कोणी खोटं लिहीत नव्हतो. ज्या मुलाला वाचताच येत नाही, त्याचा रकाना कोरा सोडायचा, ही पद्धत. 'वाचता येत नाही' असं आठवीतल्या मुलाबद्दल लिहिलं, की तपासणीला आलेले साहेब विचारणार, मग तो आठवीत पोचला कसा? मग मागची शाळा, मागच्या बाई, सगळ्यांवर येणार. म्हणून लिहायचं काहीच नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाला कोरा रकाना दिसला की तो समजून घ्यायचा, त्या मुलाला पुढच्या बाकावर घ्यायचा, जमेल तसा वेगळा बसवायचा. हे कुठल्या परिपत्रकात नाही. नवीन माणूस शाळेत आला की एखादी जुनी बाई चहाच्या वेळी त्याच्या कानावर घालते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी आली. सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या गावातली, कापूस लावणाऱ्या घरातली. सातवीपर्यंत गावात शिकली आणि आठवीला बापाने तिला देवपुरात तिच्या आत्याकडे ठेवली. फळ्यावरचं वहीत असं उतरवायची की छापल्यासारखं दिसावं. कविता दोनदा ऐकली की पाठ. ऑगस्टपर्यंत मी तिला हुशार पोरींत धरून चालले होते. मग एक दिवस पुस्तकाबाहेरचा उतारा झेरॉक्स काढून वाटला आणि तिला वाचायला उभं केलं. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. वर्ग हसायला लागला. मला वाटलं, लाजतेय. मधल्या सुट्टीत जवळ बसवलं तेव्हा कळलं की पोरीला 'घर' आणि 'धर' वेगळे ओळखता येत नाहीत. ऐकून पाठ करत आणि बघून उतरवत ती सात इयत्ता चढून आली होती.

मला तिचा राग आला नाही. सात वर्षांत कुणीही तिच्यासमोर एक अनोळखी ओळ धरली नाही, याचा आला. आणि त्या 'कुणीही'मध्ये जूनपासून ऑगस्टपर्यंत मी होतेच.

अशी पाच मुलं वर्गात निघाली. शाळा भरायच्या आधी तासभर त्यांना घेऊन बसायला लागले. अक्षरापासून सुरुवात. ती मुलगी सगळ्यांत चिवट. चुकली की ओठ चावायची, पण हात वर करायची. दिवाळीनंतर शब्द लागायला लागले, संक्रांतीनंतर दोन-तीन शब्दांची वाक्यं. जोडाक्षर आलं की गाडी अडायची.

याच सुमारास शाळेत एआय आलं. संस्थेने एका माणसाला बोलावून दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं, दुपारी जेवण दिलं आणि मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक शिक्षकाने ते वापरायचं. आमचे संगणकाचे सर तिशीतले, कामसू, कुणालाही नाही न म्हणणारे. मला म्हणाले, मॅडम, तुम्ही फक्त हवं ते सांगा, ते लिहून देतं. म्हटलं चला, माझ्या पाच पोरांसाठी बघू. मी सांगितलं की एक छोटी गोष्ट दे, त्यात एकही जोडाक्षर नको. क्षणात गोष्ट आली. पहिल्याच ओळीत समुद्र, दीपस्तंभ आणि वृद्ध नाविक. मी चूक दाखवली. त्याने इतक्या अदबीने माफी मागितली की आमच्या शाळेत सव्वीस वर्षांत कुणी माझी तशी मागितली नसेल. मग दुसरी गोष्ट दिली, तिच्यात मित्र आणि पक्षी. पुन्हा माफी. तिसरीत पुन्हा समुद्र. पांझरेकाठच्या पोरांना हा दीपस्तंभ कुठे नेऊन दाखवायचा, ते काही त्याने सांगितलं नाही. सर हसून म्हणाले, सुधारेल हळूहळू. मी म्हटलं, सर, तोवर माझी पोरं दहावी नापास होऊन घरी बसतील. आणि वही ओढून हाताने लिहिलं : बकरी घरात आली. आजी धावली. बकरी माळावर पळाली. पोरांना ती बकरी फार आवडली.

मार्चमध्ये मी मुलीच्या बापाला बोलावून घेतलं. चाळिशीचा माणूस, टोपी हातात धरून बसला. मी त्याला सांगितलं की मुलगी वाचनात जरा कच्ची आहे, मे महिनाभर आत्याकडेच राहू द्या, मी रोज सकाळी घरी शिकवेन, जूनपर्यंत गाडी रुळावर येईल. 'जरा कच्ची' म्हटलं मी. बापाच्या तोंडावर 'हिला वाचता येत नाही' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. त्याने मान हलवली, ठेवतो म्हणाला. नववीत काय होतं ते आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत आहे. मुलगा नापास झाला तर पुन्हा बसतो. मुलगी नापास झाली तर कपाशीत जाते आणि दोन वर्षांत तिची सोयरीक बघायला लागतात. माझ्या हातात मे महिना होता, बस.

एप्रिलमध्ये नोंदींची मीटिंग झाली. यंदा सगळ्या नोंदी एआयकडून करून घ्यायच्या, भाषा एकसारखी दिसते, वेळ वाचतो, वरच्या साहेबांवर चांगली छाप पडते, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी उभी राहून भांडले. ज्याने मूल पाहिलं नाही, त्याने मुलाबद्दल लिहायचं, ही कुठली रीत? मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही तरी पुस्तिकेतूनच उतरवता ना?" सगळी स्टाफरूम हसली. मी खाली बसले. 

त्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊन पडले होते. दहावीच्या पोरांचं भवितव्य सोफ्यावर, पलंगावर, फ्रिजवर. मी वर्गाचं रजिस्टर संगणकाच्या सरांना देऊन टाकलं. गुण भरलेले, प्रत्येकापुढे माझे दोन-तीन शब्द : अक्षर सुंदर, गणित बरं, कविता पाठ. वाचनाचे पाच रकाने कोरे.

आठ दिवसांनी नोंदी छापून आल्या. शिपायाने गठ्ठा टेबलावर असा सरकवून ठेवला की प्रत्येक कागदाची फक्त खालची पट्टी दिसावी. सह्यांचे गठ्ठे असेच ठेवतात, भराभर होतं. मी पट्टीवर सही करत गेले, तो कागद उलटत गेला. बासष्ट सह्या. मला वाटतं, चहा निवायच्या आत झाल्या.

एक मे रोजी निकाल लागला. सोमवारपासून माझ्या घरी शिकवणी. चार मुलं आली, ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आत्याकडे निरोप पाठवला, तर तिला बापाने निकालाच्याच दिवशी गावी नेलेलं. दर मे महिन्यात मी माहेरी रावेरकडे जाते. भावाचा फोन आला की अक्का, कधी निघतेस, केळीच्या बागेत उभी असशील तेव्हा खरं. त्याला म्हटलं, थांब जरा, एक पोरगी हरवलीय.

मग बापाला फोन लावला. तो खुशीत होता. त्याच्या अहिराणीत म्हणाला, लग्नात आहे, आवाज नीट येत नाही. मी विचारलं, पोरीला का नाही पाठवली?

"मॅडम, आते ती मस्त वाचस ना. तुम्हीनच तं लिखेल शे."

मला काही कळेना. मी काय लिहिलं होतं? मी तर काहीच लिहिलं नव्हतं. तशीच उन्हात शाळेत गेले, संगणकाच्या सरांना बोलावून घेतलं आणि तिची नोंद काढायला लावली. पडद्यावर होतं : 'अस्खलित व आशयपूर्ण प्रकट वाचन करते. अवांतर वाचनाची विशेष आवड आहे. वाचनात मागे असलेल्या सहाध्यायांना स्वतःहून मदत करते.' आणि सुधारणेच्या रकान्यात : 'वाचनाची ही गोडी अशीच टिकवावी.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सर, हे कुणी सांगितलं त्याला? ते म्हणाले, कुणीच नाही, मॅडम. अक्षर सुंदर दिलंय, कविता पाठ दिलंय, वाचन रिकामं होतं. मी म्हटलं होतं की काही रिकामं राहू देऊ नकोस, तर बाकीच्यावरून त्याने भरून टाकलं. उरलेल्या चौघांचं काढा म्हटलं. चौघेही अस्खलित. एक पोरगा डिसेंबर ते मार्च ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर होता, त्याच्या वाचनात 'आरोह-अवरोह' चांगले निघाले होते.

मी सरांवर ओरडले. बरंच ओरडले. कोरा रकाना म्हणजे काय ते ठाऊक नाही का तुम्हाला?  नव्हतं ठाऊक. तीन वर्षांपूर्वी लागलेले, खाली कॉम्प्युटर लॅबमध्ये बसणारे, चहाला वर न येणारे. त्यांना हे सांगायचं काम शाळेतल्या सगळ्यांत जुन्या बाईचं होतं आणि ती बाई मीच. त्यांचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. पण राग गेला नाही. एवढं शहाणं म्हणवणारं यंत्र, त्याला एवढं म्हणता येऊ नये की इथे काही दिलेलं नाही, मला माहीत नाही? आमच्यातला सगळ्यात ढ पोरगासुद्धा 'मॅडम, येत नाही' म्हणतो.

तिथून मुख्याध्यापकांच्या घरी. नोंद बदलायची म्हटलं. ते म्हणाले, ऑनलाइन भरलं गेलंय, आता कुलूप लागलं. आणि मॅडम, साहेबांना आपल्या नोंदी एवढ्या आवडल्या की नमुना म्हणून दुसऱ्या शाळांना दाखवणार आहेत. मी म्हटलं, सर, पाच मुलांना वाचता येत नाही आणि कागद म्हणतो अस्खलित. नववीचे सर त्यांना पुढच्या बाकावर घेणार नाहीत, त्यांना कळणारच नाही.  मुख्याध्यापक म्हणाले की तुम्ही तरी आधी कुठे लिहीत होता? कोराच सोडत होता ना? कोऱ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं काय वाईट?

रस्ताभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्या प्रश्नाला मी अजून पुरतं उत्तर देऊ शकलेले नाही. यंत्राने खोटं लिहिलं खरं, पण त्याला ती जागा आम्हीच राखून ठेवली होती. साहेब चिडू नयेत म्हणून, मागच्या बाईंचं नाव निघू नये म्हणून, आपलं नाव निघू नये म्हणून. इतकी वर्षं आम्ही त्याला समजूतदारपणा म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिरपूर गाडीने निघाले. फाट्यावर उतरून रिक्षाने आत. नांगरून पडलेली काळी रानं, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आठ-पंधरा दिवसांत बागायती कपाशी लागणार होती. घर शोधावं लागलं नाही. शाळेच्या मॅडम आल्या म्हणून दोन पोरी पुढे पळत गेल्या.

बापाने अंगणात खुर्ची पुसून दिली. आईने पाणी आणलं, मागून चहा. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो आत जाऊन कागद घेऊन आला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, लॅमिनेट केलेला. तो कागद त्याने लग्नातही नेला होता. पाव्हण्यांत एक तलाठी होता, त्याने चारचौघांत वाचून दाखवला म्हणे. या घरात आजवर शाळेच्या कागदावर काही चांगलं आलंच नव्हतं, हे त्याने मला दोनदा सांगितलं. मग पोरीला हाक मारली. "मॅडमले वाचीसन दाखाड."

ती दारात आली. माझ्याकडे बघितलं नाही. कागद हातात घेतला आणि वाचायला लागली. अस्खलित व आशयपूर्ण प्रकट वाचन करते. एकही शब्द चुकला नाही. अवांतर, सहाध्यायांना, स्वतःहून, सगळं सरळ. तलाठ्याने एकदा वाचलं होतं, घरात कुणीतरी आणखी एकदा वाचलं असेल, तिला तेवढं पुरेसं होतं. आई पदराने डोळे पुसत होती. बाप माझ्या तोंडाकडे बघत होता की मी काय म्हणते.

मला रडू आलं नाही. संताप आला. वर्षभर ही पोर माझ्यासमोर ओठ चावून खरी अक्षरं लावत होती आणि आम्ही तिच्या हातात पुन्हा पाठांतर दिलं होतं, तेही तिच्याबद्दलच्या खोट्याचं.

मी म्हटलं, "भाऊ, हा कागद खोटा आहे. तिला अजून वाचता येत नाही. हे तिने पाठ केलंय."

 पोरीने कागद खाली केला. बाप तिच्याकडे वळला, तशी ती इतक्या हळू म्हणाली की पुढे वाकून ऐकावं लागलं, "मले येत नही, आबा. तुम्ही खूश व्हतात."

बाप माझ्याकडे वळला. कागदाच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हाई सही तुमनी शे का नही?"

"माझीच आहे."

"मंग?"

मी त्याला सगळं सांगितलं. गठ्ठा कसा येतो, यंत्राने कसं भरलं, माझ्याकडे बोर्डाचे पेपर होते, शिपाई कागद कसे सरकवून ठेवतो. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि मी थांबले. मग म्हटलं, "मी न वाचताच सही केली, भाऊ."

त्याने कागदावरचं बोट उचललं. आवाज चढला नाही त्याचा.

"मंजे वाचं तं तुम्हीन बी नही."

 

मी पर्समधून वही काढली. एक पान फाडलं आणि तिला झेपेल असं, मोठ्या अक्षरात लिहिलं. लिहून पोरीच्या हातात दिलं. म्हटलं, हे तू आधी ऐकलेलं नाहीस, सावकाश वाच. ती खाली बसली. पान मांडीवर ठेवलं, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. हि, ला. हिला. अ, जू, न. आई मध्येच काही सांगायला गेली, बापाने हाताने गप्प केलं. तीन ओळी वाचायला तिला इतका वेळ लागला की माझ्या चहावर साय धरली. एकदा अडकली, मागे गेली, पुन्हा आली. "हिला अजून नीट वाचता येत नाही. दोष हिचा नाही. रोज एक तास बसली तर ही वाचेल."

शेवटच्या ओळीवर तिचा आवाज फुटला, पण ती ओळ तिने पूर्ण केली.

बापाने तिच्या हातून पान घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"सोमवारले आणस तिले," तो म्हणाला. "पन आते तुम्हीन बी वाचा. मोठ्यानं. मंग सही करा."

त्याच्या अंगणात, पोरीच्या आणि तिच्या आईच्या समोर, मी माझं लिहिलेलं पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचलं आणि खाली सही केली.